शेळ्यांच्या राखणीला कुत्रा नेमताना

वाचक भगिनीचे पत्र (संक्षेपाने): अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला आमची १२ एकर जमीन आहे. दोघांच्या नोकऱ्या सांभाळून आम्ही २२ शेळ्या आणि ३० कोंबड्या पाळल्या आहेत. मार्चपासून पाच करडे गेली. तिघांच्या गळ्यावर, जबड्याच्या खाली दातांच्या खुणा होत्या. दोन सापडलीच नाहीत. नऊ कोंबड्या पहाटे आणि संध्याकाळी चरताना नाहीशा झाल्या, मागे फक्त पिसे उरली. आणखी दोन रात्री खुराड्यातच मेलेल्या सापडल्या, त्यांची मुंडकी नव्हती. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या शेळीचे मागचे पाय आणि कान भर दुपारी फाडलेले दिसले, ती वाचली. सगळे म्हणतात, हे कायोटींचे (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातल्या इथल्या प्राण्यांचे) काम आहे, कुत्रा पाळा. आमच्याकडे दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड आहे, त्यालाच शिकवावे का? नसल्यास कोणत्या जातीचे पिल्लू आणावे? तेच कोंबड्याही राखेल का? माझे वडील फलटणचे. ते म्हणतात, धनगराच्या कुत्र्याचे पिल्लू इकडून घेऊन जा. घरात सात वर्षांची मुलगी आहे आणि एका बाजूचे शेजारी रात्रीच्या आवाजाबद्दल आधीच नाराज आहेत. काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण जखमांचे इतके नेमके वर्णन केले आहे की उत्तराचे अर्धे काम आपणच करून ठेवले आहे, असे म्हणावे लागेल. कुत्रा कोणता आणावा, याच्याही आधी आपल्याकडे चोर किती आहेत, हे ठरवायला हवे. आणि पत्र वाचून माझे मत असे झाले आहे की ते निदान तीन आहेत.

तीन करडांच्या गळ्यावर जबड्यालगत असलेल्या दातांच्या खुणा ही कायोटीची सही समजावी. तो मानेच्या खालच्या बाजूला, कानाच्या मागेपुढे पकड घेतो आणि जनावर गुदमरेपर्यंत सोडत नाही; लहान करडू असेल तर उचलूनही नेतो, म्हणून आपली दोन करडे सापडली नाहीत. कोंबडी तर तो अख्खीच नेतो आणि मागे पिसांचा पुंजका तेवढा ठेवतो. खुराड्यात मुंडकी नसलेल्या दोन कोंबड्या मात्र मी कायोटीच्या नावावर लिहिणार नाही. बंद खुराड्यात हात घालून डोके ओढणारा प्राणी बहुधा रकून (मांजराहून थोडा मोठा निशाचर प्राणी) असतो, कारण त्याचे पुढचे पंजे माणसाच्या बोटांसारखे चालतात आणि साधी कडी त्याला सहज उघडता येते. खुराड्याची जाळी मोठ्या षट्कोनी छिद्रांची असेल, तर कोंबडी आत झोपलेली असतानाच तिची मान त्याच्या हाती लागते.

राहिली म्हातारी शेळी. मागचे पाय, कान, कुशी असे जिथे तोंड लागेल तिथे फाडलेले जनावर, मांस न खाता सोडून दिलेले आणि तेही भर दुपारी, हे वर्णन कुत्र्याचे आहे. कायोटी पोटासाठी मारतो, त्यामुळे त्याचे काम नीटनेटके असते. मोकाट सुटलेली पाळीव कुत्री पाठलागाच्या कैफात लचके तोडतात आणि कंटाळा आला की घरी जाऊन पायरीवर झोपतात. शेजारपाजारच्या कुत्र्यांकडे लक्ष द्यावे, आणि राग मानणार नसाल तर हेही सुचवतो की त्या दुपारी आपला जर्मन शेफर्ड कुठे होता, ते आठवून पाहावे.

आता कायोटीविषयी थोडेसे. आपल्याकडची बरीच मंडळी त्याला सरसकट कोल्हा म्हणतात आणि तिथेच अंदाज चुकतो. हा कोल्ह्याचा नातेवाईक खरा, पण अंगाने थोराड, साधारण १० ते १५ किलोंचा, आणि वृत्तीने कोल्हा व लांडगा यांच्या मधला असतो. तो जोडीने राहतो आणि आपला इलाखा राखतो. मार्च ते मे या काळात मादीला पिल्ले होतात, आणि त्यांना भरवायचे असते त्याच दिवसांत आपली करडे कुरणात उड्या मारत असतात. मार्चपासून आपले नुकसान का वाढले, याचे उत्तर यात आहे. कॅलिफोर्नियातील हॉपलँड येथील मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात झालेल्या अभ्यासात असे दिसले की बहुतेक मेंढ्या इलाखा राखून असलेल्या, वीण करणाऱ्या कायोटींनीच मारल्या होत्या. म्हणूनच बंदुकीने हाती लागेल तो कायोटी टिपण्याचा शेजारधर्म फारसा कामाला येत नाही. टिपला जाणारा बहुधा भटका, अननुभवी असतो, आणि रिकाम्या झालेल्या इलाख्यात दुसरा येऊन बसतो.

कुत्र्याकडे वळण्याआधी एक काम याच आठवड्यात करावे. चांगला राखणदार मिळून तो रुळेपर्यंत महिने जातील, आणि कायोटी तोवर थांबणार नाही. घराजवळ, दिव्याच्या टप्प्यात, २२ शेळ्या दाटीने का होईना मावतील असा रात्रीचा वाडा करावा. चार-साडेचार फूट उंच विणलेली तारेची जाळी घ्यावी, खालच्या कडेला बाहेरच्या बाजूने दीड-दोन फूट जाळी जमिनीवर आडवी पसरून दगडांनी दाबावी आणि तिच्या वर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, विजेच्या झटक्याची एक तार ओढावी. कायोटी उडी मारण्याआधी उकरून पाहतो. उकरायला नाक खाली नेले की त्याला झटका बसतो आणि पाय जाळीवरच असल्याने उकरता येत नाही. सूर्यास्तापूर्वी शेळ्या आत आणि चांगले उजाडल्यावर बाहेर, एवढा नियम पाळला तरी निम्मा धोका टळेल, कारण कायोटीची शिकार मुख्यतः रात्री आणि पहाटे होते. शेळी व्याली की तिची पडलेली वार तिथेच राहू देऊ नये, मेलेले करडू कुरणाच्या कोपऱ्यात टाकू नये. आयते मिळालेले मांस ही कायोटीला दिलेली दावत ठरते, आणि आमंत्रण एकदाच द्यावे लागते.

आता आपला मुख्य प्रश्न. जर्मन शेफर्डला शिकवू नये. तो हुशार नाही म्हणून नव्हे. त्याची हुशारी वेगळ्या कामाची आहे. तो मूळचा मेंढ्या हाकणारा, आणि अशा कुत्र्यांच्या जातींत रोखून पाहणे, दबकणे आणि पाठलाग करणे या शिकारीच्या पायऱ्या माणसाने जपल्या, फक्त शेवटचा चावा तेवढा मागे सारला. राखणीच्या कुत्र्यांत नेमके उलटे झाले आहे: पळणारे करडू पाहून ज्याच्या अंगात काहीही हलत नाही, असा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजचे रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया येथील मेंढपाळांकडून पिल्ले आणली आणि पुढे हजाराहून अधिक कुत्रे अमेरिकेतील पशुपालकांकडे ठेवून पाहिले. चांगल्या राखणदारात त्यांना तीन गुण दिसले. तो कळपाला चिकटून राहतो, कळपाला इजा करत नाही आणि परके काही दिसले की कळप व ते यांच्या मध्ये उभा राहतो. यातील तिसरा गुण सगळ्यांना दिसतो आणि हवासा वाटतो. पहिले दोन नसतील, तर तो कुत्रा भुंकणारा कायोटीच म्हणायचा.

अमेरिकेला या कुत्र्यांची आठवण होण्याचे कारणही सांगण्याजोगे आहे. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांसाठी विष घालण्यावर बंदी आणली. तोवर मेंढपाळांचा सारा भरवसा विषावर होता. ते हातचे गेल्यावर लोकांनी युरोप-आशियातल्या हजारो वर्षे जुन्या उपायाकडे पाहिले आणि आयडाहोतील डुबॉइस येथील सरकारी मेंढी संशोधन केंद्राने त्यावर पद्धतशीर काम सुरू केले. तेथील संशोधकांनी १९८८ साली सुमारे ४०० पशुपालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या ७६३ कुत्र्यांपैकी ७१ टक्के फार उपयोगी, २१ टक्के काहीसे उपयोगी आणि ८ टक्के निरुपयोगी ठरले होते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की जात किंवा नर-मादी यावरून या यशात लक्षणीय फरक पडला नव्हता.

तेव्हा जातीचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो. ग्रेट पिरेनीज, अनातोलियन शेफर्ड, अकबाश, मारेम्मा या राखणीच्या जातींपैकी कोणताही किंवा यांचा आपापसातला संकर चालेल. पिरेनीज माणसांशी तुलनेने सौम्य असतो, आणि घरात लहान मुलगी आहे म्हणून मी त्याच्या बाजूला झुकेन. टेक्सासच्या उन्हात एवढी लोकर कशी झेपेल, ही शंका रास्त आहे. पण सावली आणि भरपूर पाणी असेल तर तो निभावतो, कारण दिवसा झोपून तो रात्री काम करतो. उन्हाळ्यात त्याचे केस मुळापासून भादरू नयेत, तीच लोकर ऊनही अडवते. मागच्या पायांवर त्याला जोड-अंगठे असतात. त्यांची नखे जमिनीला घासत नाहीत, म्हणून ती आपणच कापावी लागतात, नाहीतर वळून मांसात घुसतात. मात्र ज्या संकरात लॅब्राडॉर, हस्की किंवा हाकणारी जात मिसळली आहे, ते पिल्लू फुकट मिळाले तरी घेऊ नये.

आपल्या वडिलांची सूचना मी हसण्यावारी नेणार नाही. धनगराचे वाडे मी लहानपणी पाहिले आहेत. दिवाळीनंतर मेंढरे कोकणाकडे निघाली की रात्री शेतात वाघर (दोरीच्या जाळीचे कुंपण) लावून कळप आत घालीत आणि चार-पाच कुत्री चारही अंगांना आपापली जागा धरून पडत. कुणी त्यांना बसायला सांगितलेले मला आठवत नाही. ती पिल्ले मेंढरांतच जन्मत, मेंढरांच्या उबेला झोपत, त्यामुळे कळप हेच त्यांचे गोत असे. इटलीतला मेंढपाळ आणि माण-फलटणचा धनगर एकमेकांना न भेटता एकाच रीतीला पोहोचले, ती रीत ही आहे. परंतु नेमक्या याच कारणाने वडिलांची सूचना अमलात आणता येत नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणारा कोणताही कुत्रा निदान सहा महिन्यांचा असावा लागतो, आणि रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांच्या यादीत भारत असल्यामुळे लसीकरणाची कागदपत्रे आणि तपासण्या यांचा व्याप वेगळाच. कळपाशी नाते जुळण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंतचा. सहा महिन्यांचा कुत्रा ऑस्टिनला उतरेल, तेव्हा त्याचे गोत फलटणलाच राहिलेले असेल.

यावरून माझा सल्ला काय असणार, ते आपल्या ध्यानात आलेच असेल. आपण दोघे दिवसभर कामात असता आणि कळपात करडे आहेत; अशा घरी पहिला कुत्रा पिल्लू म्हणून आणू नये. शेळ्यांत वाढलेला, दोन वर्षे पूर्ण झालेला, कामाला असलेला कुत्रा विकत घ्यावा. तो पिल्लापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग पडेल, आणि तरीही स्वस्त ठरेल. आपल्या भागात हे अवघड नाही. शेळ्या-मेंढ्यांसाठी टेक्सासचा तो पठारी प्रदेश प्रसिद्धच आहे, आणि सॅन अँजेलो येथील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या केंद्रात खास राखणदार कुत्र्यांवर काम चालते. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कृषी विस्तार कार्यालयात विचारणा केल्यास जवळच्या अनुभवी पशुपालकांची नावे मिळू शकतील.

कुत्रा पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याचे बोलणे कमी ऐकावे आणि कुत्र्याकडे जास्त पाहावे. तो शेळ्यांत बसलेला असतानाच पाहण्याचा आग्रह धरावा. एखादी शिंगाळी शेळी त्याच्या अंगावर चालून आली तर चांगला कुत्रा नजर खाली करतो, कान पाडतो, कधी कधी चक्क पाठीवर पडून पोट दाखवतो. ५० किलोंचे ते जनावर ३० किलोंच्या शेळीपुढे असे विरघळताना पाहणे मोठे मौजेचे असते. याच कुत्र्याने फाटकाशी आलेल्या आपल्याला मात्र दोन पावले पुढे येऊन भुंकून विचारले पाहिजे. शेळ्यांकडे टक लावून पाहणारा, त्या पळाल्या की कान टवकारून उठणारा कुत्रा परत न विचारता सोडून द्यावा.

घरी आणल्यावर त्याला लगेच १२ एकरांत सोडू नये. रात्रीच्या वाड्याशेजारी जाळीआड दोन-तीन आठवडे ठेवावे. दोन्ही बाजूंना वास, आवाज आणि सवयी कळू द्याव्यात. आपल्या शेळ्यांच्या लेखी कुत्रा म्हणजे गेल्या आठवड्यात पाय फाडणारे ते जनावर, आणि हे मत बदलायला त्यांना वेळ लागणार. दिवसातून दोनदा दोरीला धरून त्याला कुंपणाच्या कडेने फिरवावे, म्हणजे आपली हद्द त्याला कळते.

हा कुत्रा वर्षभर रुळल्यावर त्याच्या हाताखाली पिल्लू आणावे. कायोटी जोडीने येतात, एकटा कुत्रा एका टोकाला धावला की दुसरे टोक उघडे पडते. शिवाय एकट्या जिवाला रात्रभर जागणे जड जाते. दोन सख्खी भावंडे एकदम आणण्याचा मोह मात्र टाळावा, ती एकमेकांच्या नादात कळपाला विसरतात. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावर आणावे आणि शांत, प्रौढ, शिंगे उगारून धाक दाखवतील अशा तीन-चार शेळ्यांसोबत छोट्या आवारात ठेवावे. कोपऱ्यात फक्त पिल्लालाच शिरता येईल अशी फट असलेला आडोसा हवा, नाहीतर एखाद्या धडकेत त्याची बरगडी मोडेल. त्याला हात लावू नका, माणसाळेल, असा जुना सल्ला आपल्याला कुणीतरी देईल. तो ऐकू नये. माणसाचा हात लागू न देणारा ५० किलोंचा कुत्रा लस टोचायला गाडीत कसा घालणार? त्याला रोज हाताळावे, पट्टा-दोरीची सवय लावावी, फक्त त्याचे खाणे, झोपणे आणि लाड शेळ्यांमध्येच व्हावेत. घराच्या पायरीवर नव्हेत.

सहा ते अठरा महिन्यांचा काळ सर्वांत वाईट. माझी पहिली कुत्री मी आठ आठवड्यांची आणली होती, आणि सहा महिने ती इतकी शहाण्यासारखी वागली की मी तिला करडांत मोकळी सोडून दोन दिवस गावाला गेलो. परत आलो तेव्हा तीन करडांच्या कानांची टोके चावून चोथा झालेली होती. तिने द्वेषाने केले नव्हते. तिला खेळायला कोणी हवे होते, आणि करडाचा कान तोंडात सहज मावतो. चूक कुत्रीची म्हणून मी तिला विकायला काढली, तेव्हा एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला विचारले की पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती दुकान सोपवून तुम्ही गावाला जाल का. मी कुत्री ठेवली. या वयात तिला करडांपासून दूर, थोराड शेळ्यांत ठेवले, पाठलाग करू लागली तर गळ्यात लोढणे बांधले. गुरांच्या गळ्यातले आपले लोढणेच ते. लाकडाचा ओंडका गुडघ्यांच्या उंचीवर लोंबता ठेवला की चालताना अडत नाही, धावू लागले की पायांवर आपटतो. दोन वर्षे पूर्ण होता होता ती सुधारली आणि पुढे नऊ वर्षे तिने काम केले. पहिल्यांदा शेळी व्यायला लागेल तेव्हाही आपण तिथे हजर असावे, कारण अति उत्साही कुत्रा ओले करडू चाटत बसला तर आईला त्याचा वास लागत नाही आणि ती त्याला झिडकारते.

खाण्यापिण्याच्या दोन गोष्टी फार कमी लोक सांगतात. शेळ्यांच्या खुराकात हगवणीच्या कोक्सिडिया रोगासाठी बरेचदा मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. ते कुत्र्याला विषारी आहे, आणि कोणी पुढे राखणीला गाढव ठेवा म्हणाले तर घोडा-गाढवासाठी ते अत्यल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. खुराकाच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचावी. उलट बाजूने, कुत्र्याचे खाद्य शेळ्या मिटक्या मारीत खातात, आणि त्यात मांस-हाडांचा अंश असल्याने ते रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडी जाऊ नये. म्हणून कुत्र्याला शिरता येईल, शेळीला येणार नाही अशी खाण्याची जागा आखावी. औषधपाण्यात टेक्सासमध्ये सर्वांत मोठी काळजी हृदयातील जंताची, जो डासांमुळे होतो. त्याची प्रतिबंधक गोळी महिन्याच्या महिन्याला चुकवू नये. रेबीजची लस कायद्याने लागतेच. कायोटी चावला तर काय, ही भीती आपल्याला असेल म्हणून सांगतो. १९८८ साली दक्षिण टेक्सासमधील कायोटींत कुत्र्यांच्या रेबीजची मोठी साथ पसरली होती, तेव्हा १९९५ पासून विमानातून लशीची आमिषे टाकून ती आटोक्यात आणली गेली, आणि २००७ साली तो प्रकार देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. वटवाघळे आणि स्कंक (दुर्गंध फवारणारा छोटा प्राणी) यांच्यात रेबीज अजून आहे, तेव्हा लस टाळण्याचा विचारच नको.

कोंबड्यांचे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. शेळ्यांत वाढलेल्या कुत्र्याला कोंबडी हे आपले माणूस वाटत नाही. ती फडफडते, पळते, आणि तरुण कुत्र्याच्या दृष्टीने खेळणे ठरते. शिकवता येते, याला पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील वॉर्नांबूलजवळच्या मिडल आयलंड या बेटावर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांची वसाहत जवळजवळ संपवली, तेव्हा २००६ पासून तिथे मारेम्मा कुत्रे नेमण्यात आले. ही कल्पना त्याच भागात मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याची. त्याच्या कोंबड्या मारेम्माच राखीत असत. पण ते कुत्रे पक्ष्यांतच वाढवलेले आणि माणसांच्या नजरेखाली होते. आपल्या घरी कोंबड्यांची राखण जाळीने करावी. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची जाड जाळी ठोकावी, दाराला रकूनला न उघडणारी, दाबून धरायची कडी लावावी आणि अंधार पडताच बंद होणारे स्वयंचलित दार बसवता आले तर उत्तम. खुराडे शेळ्यांच्या कुरणाला लागून असेल, तर कुत्रा बाहेरून फिरत राहतो आणि कोंबड्या आत सुरक्षित राहतात. एवढा फायदा फुकटात मिळतो. पहाटे आणि सांजवेळी कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत.

मुलीविषयी. राखणदार कुत्रा घरच्या मुलांशी सहसा फार सोशीक असतो, परंतु तिच्या मैत्रिणी आल्या आणि खेळात आरडाओरडा, ढकलाढकली झाली, तर आपल्या माणसावर हल्ला झाला असे तो समजू शकतो. पाहुणे असताना तो कुंपणाच्या आत, मुली कुंपणाच्या बाहेर, हा नियम पाळावा. फाटकावर कुत्रा कामावर असल्याची पाटी लावावी आणि घराच्या विम्यात या जातीचा कुत्रा बसतो का, ते आधीच विचारून घ्यावे. जर्मन शेफर्डला कुरणात या कुत्र्याशी मैत्री करायला पाठवू नये. त्याची हद्द घराच्या अंगणापुरती असावी.

शेजाऱ्यांकडे कुत्रा आणण्याच्या आधी जावे, नंतर नव्हे. हा कुत्रा रात्री भुंकतो, कारण भुंकणे हेच त्याचे मुख्य हत्यार आहे; बहुतेक कायोटी झुंजीपर्यंत येतच नाहीत, इथे जागा धरलेली आहे एवढे ऐकून वळतात. रात्रीचा वाडा शेजाऱ्यांच्या खोलीपासून दूरच्या बाजूला घेतला तर आवाज बराच कमी पोचेल, आणि त्यांच्याही कोंबड्या असतील तर बोलणे सोपे जाईल. पहिले काही आठवडे तो वाऱ्यावर हललेल्या पिशवीलाही भुंकेल. तेव्हा खिडकीतून हाक मारून त्याला दटावू नये आणि शांततेसाठी घरातही घेऊ नये. हातात बॅटरी घेऊन एकदा बाहेर यावे, तो कोणत्या दिशेला तोंड करून भुंकतो आहे ते पाहावे, तिकडे उजेड टाकावा, काही नसेल तर त्याच्या मानेवर थाप मारून परत फिरावे. आणि सकाळी त्या दिशेचे कुंपण खालच्या कडेपासून तपासावे.